परशरामअण्णांचा रविवार

"उद्या परशरामला बोलवून घ्या," साहेब फोनवर म्हणाले. "दोन तासांचं काम आहे. सकाळी येईल, दुपारी जेवायला घरी जाईल."

शनिवारची दुपार होती. मी शॉपमध्ये उभी होते. एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर हात, कारण मागं मशीनचा दणदणाट चालू होता. मी म्हटलं, "साहेब, परशरामअण्णा उद्या येणार नाहीत."

"का? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे. उद्या रविवार आहे, त्यांची सुट्टी आहे."

"काय आहे?" साहेबांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं रेंज गेली. पण रेंज गेली नव्हती, साहेबांना कारण कळलं नव्हतं. आमच्या कारखान्यात रविवारी न येण्याची कारणं ठरलेली होती. ताप चालायचा, लग्न चालायचं, मयत तर चालायचंच. रविवारी सुट्टी असते म्हणून येणार नाही, हे कारण त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मी बेळगावातल्या एका मशीन शॉपची प्रॉडक्शन मॅनेजर, साहेब त्याचे मालक. आमचं काम सोपं करून सांगते. फाउंड्रीतून ओतीव लोखंडाचे ठोकळे येतात. आम्ही त्यांना भोकं पाडतो, आतून तासून गुळगुळीत करतो आणि पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला पाठवतो. तिथं त्या ठोकळ्यांचे कंपनीच्या ट्रॅक्टरला लागणारे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह होतात. ट्रॅक्टरवाला लिव्हर ओढतो आणि नांगर वर उचलला जातो, त्यात आमच्या ठोकळ्याचा थोडा हात असतो.

या कामात दोन प्रकारची माणसं लागतात. ऑपरेटर आणि सेटर. ऑपरेटर मशीनला ठोकळा लावतो आणि बटण दाबतो. पण बटण दाबल्यावर मापात बसलेला ठोकळा बाहेर पडावा, म्हणून आधी मशीन लावून ठेवावं लागतं. कुठलं टूल कुठं, ठोकळा कसा आवळायचा, किती खोल जायचं, सगळं. ते सेटर करतो. ठोकळ्याचा प्रकार बदलला की सेटिंग बदलतं, आणि सेटिंग आलं की सेटर आलाच. आमच्या दोन मोठ्या मशीनना हात लावणारे सेटर एकच, परशराम पाटील. काकतीचे. वयानं माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणते. ते मला लोकांसमोर मॅडम म्हणतात आणि एकटे असलो की आक्का.

आता त्या रविवाराचं महत्त्व सांगते. अण्णांची धाकटी मुलगी अंकिता सातवीत आहे. संकेश्वरच्या पुढं, निपाणीच्या वाटेवर एक निवासी शाळा आहे, तिथं राहते. पोरगी हुशार, अण्णांनी हट्टानं तिथं घातली. त्या शाळेत आईबापांना महिन्यातून एकदाच भेटता येतं, ठरलेल्या रविवारी. सकाळी जायचं, डबा न्यायचा, झाडाखाली बसून पोरीला खाऊ घालायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. बाकी महिनाभर काही नाही. दुसऱ्या दिवशीचा रविवार तोच ठरलेला होता.

लागोपाठ दोन महिने अण्णांचा तो रविवार कारखान्यानं खाल्ला. दोन्ही वेळा शनिवारी फोन आला, दोन्ही वेळा "दोन तासांचं काम" होतं आणि दोन्ही वेळा अण्णा संध्याकाळी घरी पोचले. आई एकटीच डबा घेऊन गेली. दुसऱ्या खेपेनंतर पोरीनं वॉर्डनबाईंच्या फोनवरनं बापाला सांगितलं, "आप्पा, येतो म्हणून सांगू नकासा. आलासा तर या. मी काय आता गेटात उभी ऱ्हात न्हाय."

हे अण्णांनी मला चहा पिता पिता सांगितलं, आणि सांगताना हसले. "पोरगी लई शाणी झालीया, आक्का," म्हणाले. मला त्या हसण्याचा असा राग आला की कप तिथंच ठेवून मी उठले. राग अण्णांचा नव्हता. ह्या रविवारच्या फोनांचा होता.

मी ही खुर्ची नुकतीच, त्या दोन रविवारांनंतर घेतली होती. आधीचे मॅनेजर सोडून गेले ते याच कटकटीला कंटाळून. त्यांच्या काळात शनिवार म्हणजे पळापळ. पाच वाजले की जो तो हेल्मेट शोधायच्या मागं. अर्धवट सेटिंग तसंच, टूल टेबलावर तसंच, मोजून व्हायचे ठोकळे ट्रॉलीत तसेच. "सोमवारी बघू" म्हणत माणसं गेटाबाहेर. आणि मग रात्री कुणालातरी फोन, उद्या या म्हणून. त्या कुणाचं तरी नाव नेहमी परशराम.

मी बेळगुंदीची आहे. आमच्याकडं लक्ष्मीच्या यात्रेआधी गावानं वार पाळायची पद्धत आहे. ठरलेल्या मंगळवारी शेतात कुणी जायचं नाही, कोयता-खुरपं हातात घ्यायचं नाही, गिरणी बंद. अख्खं गाव त्या दिवशी पारावर नाहीतर पाहुण्यांकडं. लहानपणी मला तो मंगळवार आवडायचा आणि सोमवार नकोसा व्हायचा. कारण सोमवारी आमचे आप्पा आम्हा भावंडांना असं पळवायचे की बास. दोन दिवसांची वैरण कापून गोठ्यात. दळण आणून ठेवायचं. मोटारीचं पाणी धरून घ्यायचं. एकदा मी कुरकुरले, "आप्पा, उद्या सुट्टीच हाय की, मग आज का एवढं?" तर म्हणाले, "बाळे, वार आपण पाळतोय. म्हशीला वार कळत न्हाय."

मॅनेजर झाल्यावर मला ते आठवलं. आमची म्हैस म्हणजे पुण्याची कंपनी. तिला आमचा रविवार कळत नाही आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. तिची वैरण शनिवारी पडली पाहिजे, एवढंच.

म्हणून मी शनिवारची शिस्त लावली. जेवणाच्या सुट्टीनंतर नवीन काम सुरू करायचं नाही. सोमवारी पहिल्या पाळीला जो ठोकळा चालवायचाय, त्याचं सेटिंग शनिवारीच लावायचं आणि पहिला नग मोजून पास करून ठेवायचा. सोमवारी ऑपरेटरनं आल्या आल्या बटण दाबायचं. आणि दुपारी मी स्वतः पुण्याला फोन करायचा, की बाबांनो, सोमवार-मंगळवारी काय लागणार ते आत्ता बोला. सुरुवातीला पोरं कुरकुरली. शनिवारी कोण काम करतंय असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, शनिवारी करा नाहीतर रविवारी या, तुमचं तुम्ही ठरवा. तेव्हा गप्प बसली. गोठ्याची गोष्ट एकदा सांगितल्यावर त्या शिस्तीला शॉपमध्ये नावच पडलं, वैरण. आमची कन्नड बोलणारी पोरं "मेवु" म्हणतात. शनिवारी दुपारी एकमेकांना ओरडून विचारतात, मेवु झाला का म्हणून. वरच्या ऑफिसातल्या कुणाला वाटेल खाली म्हशीच बांधल्यात.

त्या शनिवारीही वैरण टाकून झाली होती. मी पुण्याला फोन केला होता. तिथले परचेसचे सावंत, म्हणजे माल मागवणारे साहेब, मला म्हणाले होते, "काही नाही मॅडम, सगळं ओके." आणि त्यानंतर तासाभरात त्याच सावंतांनी मला सोडून थेट आमच्या साहेबांना फोन केला. दुसऱ्या प्रकारचे ठोकळे हवेत, अर्जंट आहे, सोमवारी नाही आले तर आमची लाईन थांबेल.

लाईन थांबणं म्हणजे काय ते सांगते. मोठ्या कंपनीत ट्रॅक्टर एका ओळीत पुढं सरकत जोडले जातात. एका सुट्या भागापायी ती ओळ थांबली की तो भाग पुरवणाऱ्याची काही खैर नसते. आमच्या धंद्यात हा शब्द ऐकला की मालक लोक हातातलं सोडून फोनकडं धावतात. साहेबांनीही तेच केलं, मला फोन लावला.

"परशराम नाही तर मग दुसरं कोण?" साहेब विचारत होते.

"दुसरं कुणी नाही."

"मग?"

"मला तासभर द्या. तोवर कुणालाच फोन करू नका."

"मॅडम, कस्टमर आहे तो."

"कस्टमर आहे म्हणूनच विचारून घेते, साहेब."

आमचे साहेब वाईट माणूस नव्हेत. स्वतः शून्यातून उभे राहिलेत, वर्षानुवर्षं त्यांनी रविवार बघितलेला नाही. त्यामुळं दुसऱ्याला तो लागतो हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. "तासभर," एवढंच म्हणाले.

मी आधी सावंतांना फोन लावला. "सावंतसाहेब, सोमवारी लाईनवर किती वाजता लागतात हे ठोकळे?"

"सोमवारी पाहिजेत मॅडम. मोस्ट अर्जंट."

"ते कळलं. किती वाजता?"

"ते मला प्रॉडक्शनला विचारावं लागेल."

"मग विचारा की."

"ते निघून गेले. अहो, शनिवार आहे."

बघा. ह्यांचे प्रॉडक्शनवाले घरी गेलेले. मी विचारलं, "उद्या दुपारी आमची गाडी निघाली तर रात्री तुमच्या गेटात येईल. उतरवून कोण घेणार?"

"स्टोअर घेईल."

सावंतांनी सांगितलं ते मी सरळ धरलं नाही. त्यांच्या स्टोअरच्या भोसल्यांचा नंबर माझ्याकडं होता, त्यांना लावला. भोसले साताऱ्याकडचे, मोकळा माणूस. मी विचारल्याबरोबर ते हसायलाच लागले. "मॅडम, रविवारी आमचं स्टोअर बंद असतं. तुमची मागची गाडी आली होती की, रात्रभर गेटबाहेर उभी. ड्रायव्हरनं मला सकाळी काय काय ऐकवलं म्हणून सांगू! त्याच्या आधीच्या खेपेलाही तेच."

मी तिथल्या तिथं ट्रॉलीवर टेकले. अण्णांचे ते दोन रविवार. दोन्ही खेपेला पोरगी गेटात उभी राहून रस्ता बघत होती. आणि ज्या मालासाठी हे सगळं झालं तो पुण्यात बंद फाटकासमोर ताडपत्रीखाली पडून होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"भोसले," मी म्हटलं, "खरं सांगा. हे ठोकळे सोमवारी आत आले तर लाईनवर कधी जातात?"

"सोमवारी आत घेणार. तिथनं इन्स्पेक्शनला. जुना स्टॉक पडलाय थोडा, तो संपल्यावर तुमचा. बुधवारी लागेल बघा."

"मंगळवारी सकाळी गाडी आली तर?"

"तरी चालतंय. मंगळवार दुपारच्या आत पाहिजे मात्र. मग मी काय करू शकत नाही."

झालं. गणित समोर होतं. सोमवारी पहिल्या पाळीत ठोकळे काढायचे, संध्याकाळी गाडी सोडायची, मंगळवारी सकाळी पुण्यात. सावंतांचं अर्जंट म्हणजे त्यांच्या टेबलावरचं शेवटचं काम होतं. ते आमच्या डोक्यावर ठेवलं की ते मोकळ्या मनानं घरी जाणार होते. त्यांनी आपला आठवडा छान आवरला होता, आमच्या रविवारात कोंबून.

साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आणि सोमवारी मशीननं दगा दिला तर?"

"सेटिंग आजच लावून घेते. पहिला नग आजच पास करते."

"आणि त्याउपर काही झालं तर?"

"तर जबाबदारी माझी."

"लाईन थांबली तर मी तुमच्या बाजूनं उभा राहू शकणार नाही, मॅडम. आधीच सांगतो."

"चालेल," मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

मागं वळले तर परशरामअण्णा उभे. माझं अर्धं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. डोकीवरची टोपी काढून हातात घेतलेली. "आक्का, कशाला वाईट होतासा माझ्यापायी? येतो की मी उद्या. पोरीला काय, सवय झालीया आता."

माझा संताप उसळला तो तेव्हा. "सवय झालीया म्हणतासा? अण्णा, बारा वर्साच्या पोरीला बाप न येण्याची सवय झालीया, आन् तुम्ही ते तोंडानं सांगालासा मला? उद्या तुम्ही हितं गेटात दिसलासा तर वॉचमनला सांगून परत लावीन. काय समजलासा?"

अण्णांनी टोपी घातली. "बरं मग," म्हणाले, "मशीन बंद करून घेतो. फिक्श्चर बदलाय लागतंय."

फिक्श्चर म्हणजे ठोकळा घट्ट धरणारा साचा. तो बदलला की सगळी मापं नव्यानं जुळवावी लागतात. अण्णा कामाला लागले, मी बाकीच्यांना लावलं. सोमवारचे ठोकळे मोजून मशीनपाशी रचून घेतले. गाडीवाल्याला सोमवार संध्याकाळचं सांगून ठेवलं. पहिला नग निघाला, मोजायला गेला आणि नापास झाला. आतलं भोक केसभर मोठं. अण्णांनी ठोकळा हातात घेऊन बघितला, टूल काढलं, बघितलं, दुसरं लावलं. "टूल घासलंय. काय काळजी करू नकासा." दुसरा नग पास झाला. क्वालिटीच्या पोरीनं त्याच्यावर हिरवा शिक्का मारला आणि तो ठोकळा अण्णांनी मशीनवरच ठेवला, सोमवारच्या ऑपरेटरला दिसेल असा.

सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा सगळे वेळेत बाहेर पडले. अण्णांनी जाताना मागं वळून मशीनकडं बघितलं. मी म्हटलं, "जावा आता. ते काय पळून जात न्हाय."

रविवारी मी बेळगुंदीला माहेरी गेले. नवीन भाताची खिचडी आणि आईच्या हातचं लोणचं, दाबून जेवले. खोटं कशाला सांगू, मन सगळं काही माहेरी नव्हतं. दुपारी सावंतांचा फोन आला. मी उचलला नाही. मग साहेबांचा आला. तो उचलला.

"सावंत विचारतायत गाडी निघाली का."

"साहेब, गाडी सोमवारी निघणार हे मी त्यांना काल लेखी पाठवलंय. भोसल्यांनाही कळवलंय."

"परशरामचा फोन बंद आहे."

"तुम्ही लावला होता?"

"सहज. खात्रीसाठी."

"बंद असूंदे, साहेब," मी म्हटलं. पुढं बरंच काही तोंडात आलं होतं, पण ते लोणच्याबरोबर गिळलं.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. ऑपरेटर आला, मशीन सुरू केलं, बटण दाबलं. पहिला नग पास. मग दुसरा, मग तिसरा. दुपारपर्यंत ट्रॉल्या भरल्या. एक टूल मधेच तुटलं, पण जोडीचं टूल अण्णांनी शनिवारीच बाजूला काढून ठेवलं होतं. अण्णा दिवसभर मशीनला चिकटलेले. आदल्या दिवसाचं मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. चेहऱ्यावरनं काही कळेना. संध्याकाळी गाडी भरून हायवेला लागली.

मंगळवारी सकाळी भोसल्यांचा मेसेज आला. गाडी आत, माल इन्स्पेक्शनला. बुधवारी लाईनवर लागला. कुणाचं काही थांबलं नाही. सावंतांनी तर विषयही काढला नाही, जणू अर्जंट असं कधी काही नव्हतंच.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यांनी भोसल्यांचा नंबर मागितला आणि त्या दोन जुन्या गाड्यांचं स्वतः विचारून घेतलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. "म्हणजे आपण उगीचच..." म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडलं. मग म्हणाले, "इथून पुढं सावंतांचा शनिवारी फोन आला तर मी तुमच्याकडं देतो. तुम्ही त्यांना ते किती वाजताचं विचारा." ही शाबासकीच होती. आमच्या साहेबांकडं ती याच आकारात मिळते.

केबिनमधनं बाहेर आले तर अण्णा चहाच्या टेबलाशी होते. मी शेवटी विचारलंच, "काय अण्णा, पोचलासा का रविवारी?"

"पोचलो की. सक्काळच्या गाडीनं."

"आन्?"

"गेटात न्हवती." अण्णांनी कप खाली ठेवला. "सगळ्यांची पोरं गेटात हुती. आमची न्हवती. वॉचमनकरवी सांगावा धाडला तवा आली. हळू हळू चालत आली. लांब उभी ऱ्हायली. मी म्हटलं, ये की गं. तर म्हणाली, फोन दावा. मी खिशातनं काढून दिला. तिनं बटण दाबून बघितलं. बंदच. पुन्यांदा दाबून बघितलं, खरंच बंद हाय का नुसता आवाज बंद केलाय म्हणून. मग फोन आईच्या पिशवीत टाकला, अगदी तळाशी, डब्याच्या खाली. आन् मग बसली माझ्या मांडीला मांडी लावून. दिवस मावळस्तोवर उठली न्हाय, आक्का."

अण्णा हसले नाहीत. मी चहात उगीच साखर घालून ढवळत राहिले.

तेव्हापासून मी माणसाला सुट्टी दिली असं म्हणत नाही. शनिवारी आम्ही फक्त ती तयार करून पाठवतो. पास झाली की नाही, ते सोमवारी विचारून घेते.